फिरती वीज आणि हायड्रोजनचा इंधनघट

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेले व्याख्यान)



विज्ञानाचा विषय मांडावयास बी. ए., बी. एड. झालेला मराठीचा शिक्षक उभा राहिला, हे पाहून मागच्या रांगेतील विज्ञान शाखेची मुले गालातल्या गालात हसत आहेत. त्यांचे बरोबर आहे. हा विषय मी आपण होऊन निवडलेला नाही. तो माझ्याकडे एका पालकांनी आणून सोडला.

हे पालक रिक्षा चालवतात. दीड वर्षापूर्वी रिक्षा-स्टँडवर एक गृहस्थ आला. त्याच्याजवळ काचेची एक बरणी होती, तिच्यात धातूच्या पट्ट्या आणि बाहेर दोन वायरी. ‘बरणीत पाणी भरा, रिक्षाच्या बॅटरीला जोडा, पाण्यातून हायड्रोजन निघेल, तो इंजिनात जळेल आणि पेट्रोलचा खर्च निम्म्यावर येईल,’ असे त्याने सांगितले. बरणीतून बुडबुडे निघताना सर्वांनी डोळ्यांनी पाहिले. आमच्या पालकांनी घरच्यांच्या बचत गटातून नऊ हजार रुपये उचलले आणि यंत्र बसवून घेतले. पेट्रोल काही कमी लागेना, आठ दिवसांत बॅटरी मात्र बसली. विकणाऱ्याचा फोन लागेना. तेव्हा ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, “सर, पुण्यात हायड्रोजनवर बस चालते असे पेपरात छापून येते. मग माझेच पाणी खोटे कसे?”

मला उत्तर देता आले नाही. चार दिवसांनी सांगतो, असे म्हणालो, आणि त्या चार दिवसांचे पुढे कित्येक महिने झाले. आमच्या विज्ञानाच्या सहकारी बाईंना मी पुष्कळ त्रास दिला, मिळेल ते वाचले. आजचे व्याख्यान म्हणजे त्या एका प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम बरणीचा निकाल लावू. १७६६ साली हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाने हायड्रोजन हा एक स्वतंत्र, ज्वालाग्राही वायू असल्याचे दाखवून दिले. पुढे असे आढळले की तो जळला की पाणी तयार होते. म्हणजे लाकूड जळून जशी राख उरते, तसे हायड्रोजन जळून पाणी उरते. पाणी हे इंधन नव्हे, ती हायड्रोजनची राख आहे. विजेच्या बळाने त्या राखेचे पुन्हा सरपण करता येते, हे १८०० सालापासून ठाऊक आहे. परंतु ते करताना जितकी ऊर्जा घालावी लागते तितकी पुढे ते सरपण जाळून कधीच परत मिळत नाही, थोडी कमीच मिळते. रिक्षातील बॅटरी भरते कशाने? इंजिनाने. इंजिन चालते कशाने? पेट्रोलने. म्हणजे आपल्याच खिशातले पैसे काढून आपल्यालाच उसने द्यायचे आणि प्रत्येक वेळी वाटेत दोन आणे सांडायचे, असा तो प्रकार होता. अशा भूलथापा नव्या नाहीत. १९९६ साली तामिळनाडूत पाण्यात पाला उकळून पेट्रोल करण्याचा दावा करणाऱ्याने अनेक जाणत्यांनाही चकवले होते, आणि २०१६ साली न्यायालयाने त्याला शिक्षा दिली.

बुडबुडे खरे होते, हे लक्षात घ्या. आपला माणूस फसला तो डोळ्यांनी पाहिलेल्या खोट्या गोष्टीने नव्हे, तर खऱ्या गोष्टीच्या अर्ध्या हिशेबाने.

आता पुण्याची बस. तीही खरी आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, तिच्या भगिनीसंस्था आणि पुण्यातीलच केपीआयटी ही कंपनी यांनी मिळून २०२० साली इंधनघटावर चालणारी मोटार चालवून दाखवली आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये तशीच बस पुण्यात लोकांपुढे आणली. त्या बसमध्ये पाणी भरत नाहीत. दुसरीकडे तयार केलेला हायड्रोजन तिच्या टाकीत भरतात, आणि तो इंजिनात न जाळता त्यापासून थेट वीज करतात. हे काम करणारे साधन म्हणजे इंधनघट.

बॅटरी आणि इंधनघट यांत फरक काय, असे मुले विचारतात. बॅटरी म्हणजे जेवणाचा डबा. घरून भरून न्यायचा, संपला की पुन्हा घरी येऊन भरायचा. इंधनघट म्हणजे चूल. चुलीत स्वतःचे काही नसते. सरपण घालत राहाल तोवर ती पेटत राहील. भिंतीतल्या सॉकेटजवळ बसून ज्यांचे काम होते त्यांना या दोहोंची फारशी गरज नाही. पण मोबाइल, लॅपटॉप, रिक्षा, बस, होडी, पाणबुडी, अंतराळयान यांना वीज बरोबर घेऊन हिंडावे लागते. अशा फिरत्या विजेसाठी डबा बरा की चूल, हा गेल्या साठ वर्षांतील संशोधनाचा मोठा प्रश्न आहे.

चुलीच्या आत काय चालते ते आपल्या कोकणातील उदाहरणाने सांगतो. खाडी ओलांडायला तर असते. तरीतून माणसे सहज पलीकडे जातात, पण बैलगाडी तरीत मावत नाही. तिला दूरच्या पुलावरून वळसा घालून यावे लागते. हायड्रोजनच्या अणूचे इंधनघटात असेच दोन भाग होतात. मध्ये एक पातळ पटल असते. प्रोटॉन हा भाग पटलातून सरळ पलीकडे जातो. इलेक्ट्रॉनला पटल वाट देत नाही, म्हणून तो तारेतून बाहेरच्या वाटेने वळसा घालतो. त्या वळशावर आपण दिवा, मोटर, मोबाइल काय हवे ते ठेवून त्याच्याकडून काम करून घेतो. पलीकडे दोघे पुन्हा भेटतात, हवेतला प्राणवायू त्यांना मिळतो आणि पाणी तयार होते. ज्वाला नाही, धूर नाही, हलणारा दट्ट्या नाही.

एका घटातून मिळणारा दाब फार थोडा असतो. पुस्तकी हिशेबाने १.२३ व्होल्ट, प्रत्यक्ष काम करताना ०.६ ते ०.७ व्होल्ट. म्हणून भाकऱ्यांच्या चवडीसारखे घटावर घट रचावे लागतात. जपानच्या टोयोटा कंपनीने २०१४ च्या डिसेंबरात विक्रीस आणलेल्या मिराई मोटारीत असे ३७० घट एकावर एक होते.

इतकी सुटसुटीत गोष्ट, मग ती घरोघरी का नाही? पुष्कळांचा समज असा की हा काही नवा शोध आहे आणि अजून त्याला वेळ द्यायला हवा. नवा मुळीच नाही. १८३९ साली विल्यम ग्रोव्ह या वेल्समधील गृहस्थाने पातळ गंधकाम्लात प्लॅटिनमच्या पट्ट्या बुडवून, एका नळीत हायड्रोजन आणि दुसरीत प्राणवायू ठेवून वीज मिळवली. ग्रोव्ह व्यवसायाने वकील होता आणि पुढे न्यायाधीश झाला. बी. ए. झालेल्या शिक्षकाला त्याच्यामुळे थोडा धीर येतो. म्हणजे पेट्रोलवर धावणारी मोटार जन्माला येण्याच्या कितीतरी आधी इंधनघट चालू झाला होता. तत्त्वात अडचण नव्हतीच. अडचण होती आणि आहे ती सामानात.

याचे सर्वांत चांगले उदाहरण फ्रान्सिस टॉमस बेकन या इंग्रज अभियंत्याचे. ग्रोव्हच्या घटाला प्लॅटिनम लागत होते आणि ते सोन्याच्या पंक्तीतले. बेकनने १९३२ च्या सुमारास ठरवले की आम्लाऐवजी अल्कली वापरायची, म्हणजे प्लॅटिनमच्या जागी स्वस्त निकेल चालेल. १९५९ साली त्याने ५ किलोवॅटचा संच लोकांपुढे चालवून दाखवला. त्याच्यावर वेल्डिंगचे यंत्र आणि लाकूड कापण्याची करवत चालली. मध्ये गेली सत्तावीस वर्षे. एवढ्या काळात आपली मुले शाळेत दाखल होऊन, शिकून, त्यांची मुले शाळेत येतात.

बेकनच्याच घटावरून अमेरिकेने अपोलो यानांचे घट तयार केले. त्याआधी १९६५ च्या ऑगस्टमध्ये जेमिनी-५ या यानातून पटलाचा घट माणसांबरोबर अंतराळात गेला होता. अपोलोतील घटांतून वीज मिळे आणि तयार होणारे पाणी अंतराळवीर पीत. पण चुलीची उणीवही तिथेच दिसली. १९७० च्या एप्रिलमध्ये अपोलो-१३ मधील प्राणवायूची टाकी फुटली, प्राणवायू गेला आणि घट बंद पडले. तिघे परत आले ते चंद्रावर उतरण्याच्या छोट्या यानातील बॅटऱ्यांच्या विजेवर. चूल विझली तेव्हा डब्याने वाचवले.

मग अल्कलीचाच घट मोटारीत का घालत नाहीत? कारण अंतराळात शुद्ध प्राणवायू टाकीतून देता येतो, रस्त्यावर मात्र हवा आहे तीच घ्यावी लागते. हवेतील कार्बन डायऑक्साइड त्या अल्कलीत मिसळून तिचे काम बिघडवतो. म्हणून मोटारीसाठी पुन्हा आम्लधर्मी पटलाकडे यावे लागले, आणि आम्ल आले की त्यात टिकणारे प्लॅटिनमही परत आले. एक गाठ सोडवली की दुसरी बसते. सत्तावीस वर्षे खपून ज्या खर्चातून बेकन सुटला, तोच खर्च जमिनीवर उतरताच पुन्हा दारात उभा राहिला.

प्लॅटिनमच्या बाबतीत मोठी मजल अमेरिकेच्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात मारली गेली. तोवर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४ मिलिग्रॅम प्लॅटिनम लागे. तेथील संशोधकांच्या ध्यानात आले की बहुतेक प्लॅटिनम नुसते बसून खाते. पटलाशी त्याचा स्पर्शच होत नाही. त्यांनी पटलाचाच पदार्थ पातळ करून प्लॅटिनमच्या कणांमध्ये मुरवला, आणि दहाव्या हिश्शाच्या प्लॅटिनममध्ये तेच काम होऊ लागले. आज प्लॅटिनममध्ये कोबाल्ट मिसळणे, लोखंड-नायट्रोजन-कार्बन यांपासून प्लॅटिनमविना उत्प्रेरक करणे, असे प्रयत्न चालू आहेत. लोखंडाचे उत्प्रेरक काम करतात, पण टिकत नाहीत. टिकणे हाच खरा प्रश्न. मोटारीसाठी घट ५००० तास चालला तरी भागते असे मानतात. परंतु रोज आठ तास धावणाऱ्या बसचे ५००० तास पावणेदोन वर्षांत संपतील. म्हणून बस आणि ट्रक यांच्यासाठी २५,००० तासांच्या गोष्टी चालतात.

प्लॅटिनमचा आणखी एक दोष म्हणजे त्याचा नखरा. हायड्रोजनमध्ये कार्बन मोनॉक्साइड दहा लाखांत दहा भाग जरी आला तरी तो प्लॅटिनमला चिकटून बसतो आणि काम थांबवतो. धुरातील गंधकाच्या वायूनेही तसेच होते. आपल्या शहरांतील हवा ध्यानात घेता बसच्या घटाला स्वच्छ हवेची गाळणी किती जपावी लागत असेल याची कल्पना करा.

आणि पटल? ते ओले राहिले तरच प्रोटॉनला वाट देते. सुकले की वाट बंद. फार ओले झाले की पाणी साचते आणि हवेची छिद्रे बुजतात. भाताची पेज आणि करपलेला भात यांच्या मधल्या बिंदूवर ते सतत ठेवावे लागते, तेही मेच्या उन्हात, श्रावणाच्या दमटपणात आणि घाट चढताना. पटल जितके पातळ तितका अडथळा कमी, म्हणून ते केसाहूनही कितीतरी पातळ करत आणले आहे. पण पातळ पटल फाटते, आणि वापराने त्याला बारीक भोके पडतात. रसायनशास्त्र, यंत्रशास्त्र आणि स्वयंपाकघरातील शहाणपण यांची इथे गाठ पडते. आमच्या विज्ञानाच्या बाई हे ऐकून म्हणाल्या, “म्हणजे बायकांना हे आधीच येतं.” मला त्यात थट्टा दिसली नाही.

मोबाइलची कथा थोडक्यात सांगतो. वीस वर्षांपूर्वी अशी हवा होती की फोन आणि लॅपटॉप आता इंधनघटावर चालणार. एवढ्याशा वस्तूत हायड्रोजन ठेवणे कठीण, म्हणून मिथेनॉल हा द्रव वापरायचा असे ठरले. तोशिबा कंपनीने २००९ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये असा चार्जर विकायला काढलाही, फक्त ३००० नग. पुढे तो धंदा वाढला नाही. मिथेनॉल पटलातून न वापरता पलीकडे पाझरते आणि वाया जाते. शिवाय ते विष आहे, पोटात गेले तर आंधळेपण आणते. पण खरे कारण वेगळेच होते. बॅटरी सुधारली. १९९१ साली बाजारात आलेली लिथियम-आयन बॅटरी दर वर्षी थोडी अधिक भरू लागली आणि स्वस्त होत गेली. जवळच भिंतीत सॉकेट असताना नळकांडी विकत आणून फोन भरणार कोण? सॉकेट जेथे नाहीच तेथे, म्हणजे डोंगरावरची हवामान-उपकरणे, दूरवरचे कॅमेरे, फिरती घरे यांसाठी मिथेनॉलचे घट आजही विकले जातात. स्पर्धेत हरलेली वस्तू निकामी असतेच असे नाही; तिची जागा वेगळी असते.

आता सर्वांत मोठ्या अडचणीकडे येतो. सरपण ठेवायचे कुठे?

वजनाने पाहिले तर हायड्रोजनसारखे इंधन नाही. १ किलो हायड्रोजनमध्ये जवळजवळ पावणेतीन किलो पेट्रोलइतकी ऊर्जा असते. पण तो इतका विरळ आहे की आपल्या नेहमीच्या हवेच्या दाबाला १ किलो हायड्रोजन सुमारे १२,००० लिटर जागा व्यापतो. आपली रिक्षा त्यात कुठल्या कुठे हरवून जाईल. म्हणून तो दाबून भरतात. मोटारीतील टाकीत हवेच्या दाबाच्या सातशे पट दाब असतो. रिक्षा-टॅक्सीतील सीएनजी सुमारे दोनशे पटीने भरतात, यावरून अंदाज करा. इतका दाबूनही १ किलोला २५ लिटर जागा लागते. दाब सहन करायला कार्बनच्या धाग्यांचे जाड वेष्टन असलेली टाकी हवी. घरातील गॅसच्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो आणि रिकामी टाकी जवळपास तेवढ्याच वजनाची असते. मिराई मोटारीच्या टाक्यांत भरलेल्या वजनाच्या शंभर भागांत हायड्रोजन सहा भागही नव्हता. बाकी सारे वजन टाकीचे. द्रवरूप करावा तर उणे २५३ अंशांपर्यंत थंड करावा लागतो, आणि त्या थंडाव्यातच त्याची बरीच ऊर्जा खर्ची पडते.

म्हणून संशोधकांनी दुसरी युक्ती शोधली. हायड्रोजन दाबण्याऐवजी त्याला चिकटायला जागा द्यावी. येथे मी एका माणसाची हकीकत सांगतो.

जॉर्डनमधील अम्मान शहरात एका पॅलेस्टिनी निर्वासित कुटुंबात १९६५ साली एक मुलगा जन्मला. घर म्हणजे एक खोली, तीत गुरेही. वीज नाही, नळ नाही. वडील सहावीपर्यंत शिकलेले, आईला लिहितावाचता येत नव्हते. दहा वर्षांचा असताना शाळेच्या वाचनालयात त्याने एका पुस्तकात रेणूंची चित्रे पाहिली. कसली ते कळले नाही, पण ती मनात बसली. पंधराव्या वर्षी तो एकटा अमेरिकेत शिकायला गेला. त्याचे नाव ओमर यागी. त्याने धातूचे अणू आणि सेंद्रिय दुवे जोडून स्फटिकांच्या पोटात पोकळ्या असलेले पदार्थ तयार केले. १९९९ साली त्याने प्रसिद्ध केलेल्या एका पदार्थाच्या एका ग्रॅममध्ये, आतल्या सगळ्या भिंती उलगडून पसरल्या तर, सुमारे तीस गुंठे जागा भरते. चिमूटभर पुडीत पाऊण एकर! या कार्यासाठी २०२५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याला सुसुमु कितागावा व रिचर्ड रॉब्सन यांच्याबरोबर मिळाले.

आपल्या सभांतून जाबिर इब्न हय्यान, इब्न सीना, अल्-बिरूनी यांची नावे नेहमी घेतली जातात. घ्यावीतच. पण ही नावे घेऊन आपण पुष्कळदा समाधानाने घरी जातो. ज्याचे वडील सहावीच शिकले तो मुलगा आपल्याच काळात, वाचनालयातील एका पुस्तकापासून सुरुवात करून तिथवर पोहोचला. आपल्या शाळेच्या वाचनालयाला कुलूप किती वाजता लागते, एवढेच मी संस्थेच्या विश्वस्तांना नम्रपणे विचारतो.

यागीच्या पदार्थांनी टाकीचा प्रश्न सुटला काय? नाही. उणे दोनशे अंशांच्या आसपास ते हायड्रोजन उत्तम धरून ठेवतात. आपल्या नेहमीच्या उष्णतामानाला बहुतेक सोडून देतात. धातूंची काही संयुगेही हायड्रोजन शोषून घेतात, पण ती जड असतात किंवा तो परत द्यायला फार तापवावी लागतात. घट्ट धरणारा लवकर सोडत नाही, सहज सोडणारा नीट धरत नाही. मधला पदार्थ अजून कोणाला सापडलेला नाही. तो कदाचित पुण्यात सापडेल, कदाचित क्योतोत.

सरपण येते कोठून हा प्रश्नही टाळता येत नाही. आज जगात तयार होणारा बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळसा यांपासून होतो. आपल्याच कोकणात अलिबागजवळ थळ येथे खताच्या कारखान्यात नैसर्गिक वायूपासून अमोनिया करतात, तेव्हा आधी हायड्रोजनच करावा लागतो. या रीतीने १ किलो हायड्रोजन मिळवताना सुमारे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. बसमागे धूर दिसत नाही, कारण तो कारखान्यापाशी आधीच सोडून झालेला असतो. स्वच्छ हायड्रोजन हवा तर सूर्याच्या किंवा वाऱ्याच्या विजेने पाणी फोडावे लागते. त्याचा हिशेब असा. १०० युनिट वीज घेतली, तिने पाणी फोडले, वायू दाबून भरला, इंधनघटात घालून पुन्हा वीज केली, तर चाकापर्यंत सुमारे ३० युनिटे पोहोचतात. तीच १०० युनिटे बॅटरीत भरली तर ७५ ते ८० पोहोचतात. म्हणून रिक्षा, स्कूटर, घरची मोटार यांत बॅटरीने बाजी मारली आणि ती मारणारच होती, असे माझे मत झाले आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत शेल कंपनीने कॅलिफोर्नियातील मोटारींसाठीचे आपले हायड्रोजन पंप बंद केले, त्याच्या मुळाशी धंद्याची इतर कारणे असतील. पण हा हिशेबही आहेच.

मग ही चूल कोठे पेटवायची? जेथे डबा फार जड होतो किंवा भरायला वेळ नसतो तेथे. मोठ्या गोदामांतून माल उचलणाऱ्या गाड्या अमेरिकेत हजारोंनी हायड्रोजनवर चालतात, कारण त्या काही मिनिटांत भरतात आणि पाळी बदलताना थांबावे लागत नाही. पाणबुडीला पाण्याखाली हवा मिळत नाही, म्हणून जर्मनीने तिच्यात इंधनघट बसवले. आपल्याकडे अंबरनाथच्या नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने त्याच कामासाठी इंधनघटाचा संच तयार केला आणि २०२१ च्या मार्चमध्ये जमिनीवर त्याची महत्त्वाची चाचणी पार पाडली. अंबरनाथ म्हणजे काही परदेश नव्हे. लोकलच्या पासावर जाता येते.

पालकांना येथे एक गोष्ट सांगणे माझे काम आहे. हायड्रोजन म्हटले की आपण एकदम शास्त्रज्ञाचा विचार करतो. पण हा वायू सर्वांत लहान रेणूचा, बारीकशा फटीतून निसटणारा. पोलादात शिरून त्याला ठिसूळ करणारा. त्याची ज्योत उजेडात डोळ्यांना दिसत नाही. त्याची नळी जोडणारा वेल्डर, गळती तपासणारा फिटर, टाकीची चाचणी घेणारा तंत्रज्ञ यांना साध्या गॅसच्या कामापेक्षा वेगळे शिक्षण लागते. भारत सरकारने २०२३ च्या जानेवारीत हरित हायड्रोजनचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले. १९,७४४ कोटी रुपयांचे. सौदी अरेबियात निओम येथील हरित हायड्रोजनच्या कारखान्याचे ८.४ अब्ज डॉलर्सचे अर्थकरार त्याच वर्षी पूर्ण झाले. आपल्या घरोघरची माणसे आखातात जातात, नळजोडणीच्या आणि वेल्डिंगच्याच कामावर जातात. पुढच्या खेपेला जाणाऱ्याने कोणते प्रमाणपत्र खिशात घालून जावे याचा विचार आताच व्हावा. आणि ज्या मुली दहावीला विज्ञानात चांगले गुण मिळवूनही ‘पुढे लांब जावे लागेल’ म्हणून घरी बसतात, त्यांच्या वडिलांशी मला समारंभानंतर स्वतंत्रपणे बोलायचे आहे. आज तीन जण आले आहेत, मी मोजले.

त्या रिक्षावाल्या पालकांना मी हे सारे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “नऊ हजार तर गेले. पण सर, ती बरणी घरी पडून आहे, शाळेला चालेल काय?”

चालेल म्हणालो. ती बरणी आज प्रयोगशाळेत पहिल्या टेबलावर आहे. नववीच्या मुलींनी तिच्यातील पट्ट्या काढून जुन्या सेलमधील कार्बनच्या कांड्या बसवल्या आहेत आणि पाण्यात खाण्याचा सोडा घातला आहे. मीठ घातलेले नाही, कारण मिठाने क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. घरी करून पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे आणि खिडकी उघडी ठेवावी. काही मिनिटे बॅटरी जोडली की कांड्यांवर बुडबुडे धरतात. मग बॅटरी काढून टाकायची आणि त्याच दोन वायरी व्होल्टमीटरला लावायच्या. काटा हलतो. क्षणभर एका व्होल्टच्या पुढेही जातो आणि मग हळूहळू खाली येतो. ग्रोव्हने १८३९ साली पाहिले ते हेच. काटा खाली का येतो, हे मुलींना विचारा. त्यांनी उत्तर लिहून ठेवले आहे आणि माझ्यापेक्षा चांगले लिहिले आहे. प्रयोगशाळा पाच वाजेपर्यंत उघडी राहील.